अंगठ्याचं नख

पावसाळा संपला तेव्हा वरच्या वस्तीकडे जाणारा रस्ताही जवळजवळ संपला होता. डांबर वाहून गेलं होतं आणि खालची खडी उघडी पडली होती. चढावर मोठे दगड, उतारावर भुरभुरीत खडी, आणि पुलाच्या अलीकडे एक आडवा चर. त्यात प्रत्येक गाडीचं पुढचं चाक एकदा तरी आपटायचंच. डेअरीची गाडी वर यायची बंद झाली. ज्यांना वर-खाली करणं भाग होतं ते मोटरसायकलवरून करत, आणि त्या मोटरसायकली थोड्या दिवसांनी मिस्त्रीच्या शेडमध्ये येऊन उभ्या राहत. कुणाच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळायचं, कुणाचा एकदा खाली बसला की वर यायचं नाव घ्यायचा नाही, कुणाचा खड्ड्यात गेला की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा वाजायचा.

शेड म्हणजे घराच्या पुढे वाढवलेलं पत्र्याचं छप्पर. एका बाजूला पाने आणि हातोड्या टांगलेली फळी, दुसऱ्या बाजूला कामाचं टेबल, मध्ये एका गाडीपुरती जागा. टेबलामागच्या दारातून आत गेलं की पुढची खोली, आणि खोलीच्या खिडकीशी सुनेचं शिलाई मशीन. मिस्त्रीचा मुलगा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून एखाददा घरी यायचा. सून गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. पण त्या वर्षी शेडमध्ये गाड्यांची रांग लागली, तशी ती दुपारच्या वेळी मिस्त्रीच्या हाताखाली काम करू लागली. आधी फक्त सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची, मग बोल्ट ढिले करायची, मग तेल मापायची.

"काळे हात आणि पांढरं कापड, एका घरात दोन्ही कसं नांदायचं?" असं सासू पहिल्या आठवड्यात म्हणाली. मग तिनेच साबणाच्या ताटलीशेजारी लाकडाच्या भुशाची वाटी आणून ठेवली. भुसा आणि साबण एकत्र चोळला की तेल निघतं, हे तिला मिस्त्रीच्या कपड्यांमुळे केव्हाच ठाऊक झालेलं होतं.

मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असे. बाकीची नखं कामानेच झिजलेली, काहींच्या कडा कायमच्या काळ्या. पण अंगठ्याचं नख तो जपायचा, पॉलिश पेपरवर घासून त्याची कड सारखी ठेवायचा. लग्न झाल्यापासून बायको त्या नखावर बोलत आली होती. "जेवायला बसलं की ताटात आधी नख पोचतं, मग हे," असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची आणि मिस्त्री हसायचा.

ते नख त्याचं हत्यार होतं. शॉकअप उघडला की आतला चकचकीत पाईप तो स्वच्छ पुसायचा, डोळे मिटायचा आणि नख वरून खाली हलकेच ओढायचा. पाईप जरासा फिरवायचा, पुन्हा ओढायचा. चाकाने उडवलेल्या खडीचा टोचा बसला असेल, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, तिथे नख अडायचं. "इथे," असं म्हणून तो खडूने खूण करायचा. एवढासा टोचा पाईपभोवती तेल अडवणाऱ्या सीलच्या रबराची कड कापायला पुरतो. पाईप दिवसभर सीलमधून वर-खाली होत असतो. नवीन सील घातलं आणि टोचा तसाच राहिला, तर घातलेलं आणि न घातलेलं सारखंच.

दूधवाला आला तो एका सकाळी, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन घेऊन. खूप उंच आणि खूप बारीक माणूस. गावात त्याला पाव लिटर म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. डेअरीची गाडी बंद झाल्यापासून तो वरच्या वस्तीचं सगळं दूध मोटरसायकलवरून खाली आणत होता. त्याने सांगितलं की भरलेले कॅन असले की पुढचं चाक प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटतं, खाली पोचेपर्यंत दुधाचं लोणी व्हायची वेळ येते आणि संध्याकाळी हात इतके बधिर होतात की कप धरवत नाही. डाव्या शॉकअपमधून तेलही येत होतं.

"कडक करून द्या, मिस्त्री. गाडी माझी, पण पोट दुधावर आहे."

मिस्त्रीने पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडलवर अंगाचा भार टाकून गाडी दोन-तीनदा खाली दाबली. शॉकअप सावकाश बसला आणि त्याहून सावकाश वर आला. मिस्त्री म्हणाला की तेल बदलून जाड घालू, स्प्रिंगच्या वर पाईपचा एकेक तुकडा बसवू म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहील, सीलं दोन्ही नवी. हातांच्या बधिरपणाबद्दल मात्र तो काही बोलला नाही. आपली बोटं पँटला पुसत राहिला.

दुपारी दोघांनी काम काढलं. इंजिनखाली लाकडी खोकं सरकवून पुढचं चाक काढलं. पाईप हँडलखालच्या पकडीत घट्ट आहेत तोवरच वरची टोपणं ढिली केली, कारण एकदा पाईप बाहेर आला की टोपण फिरवताना तोही सोबत फिरतो. मग पकडीचे बोल्ट सोडून दोन्ही शॉकअप खाली ओढून काढले. तेल पसरट डब्यात उपडं केलं. ते राखाडी आणि पाण्यासारखं पातळ झालं होतं, कुजक्या वासाचं. सुनेने नाकाला खांदा लावला. मिस्त्रीने धुळीचं टोपण उचकटलं, त्याखालची तारेची कडी काढली आणि पाईप झटके देत वर खेचला. तिसऱ्या झटक्याला जुनं सील पाईपबरोबर बाहेर आलं.

पाईप तिने धुतले, पुसले आणि त्याच्या हातात दिले. त्याने नख लावलं. वरून खाली, जरा फिरवून पुन्हा वरून खाली.

"चांगले आहेत," तो म्हणाला.

सून तेव्हा नव्या सीलना तेल लावत होती. तिला काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते लगेच कळलं नाही. संध्याकाळी मशीनवर बसल्यावर कळलं. नख लावताना बाबांचे डोळे उघडे होते.

तिने ते मनात ठेवलं. डोळे उघडे ठेवणं हा काही दोष नव्हे.

त्या दुपारी पाईपच्या टोकावर पातळ पिशवी चढवून तिने नवी सीलं हळूच खाली सरकवली, म्हणजे टोकाच्या कडेने रबर कापलं जाऊ नये. मिस्त्रीने ती जुन्या नळीच्या तुकड्याने ठोकून बसवली. तेल ओतलं, पाईप वर-खाली करून आतली हवा काढली. तेलाची पातळी मोजायला त्याच्याकडे सायकलची एक तार होती, करवतीने खूण पाडलेली. दोन्ही बाजूंना तेल त्या खुणेला लागलं. पाण्याच्या पाईपचे दोन तुकडे सारख्या लांबीचे कापून स्प्रिंगवर ठेवले आणि टोपणं लावली.

दूधवाला दुसऱ्या दिवशी फेरी करून आला आणि हसतच उतरला. म्हणाला की चरातून गेलो आणि चर शोधायला मागे वळून पाहिलं.

आठवडा झाला नसेल, तो पुन्हा आला. डावा शॉकअप ओला होता. पाईपवर तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ बसून काळी कड. ब्रेकची चकती त्याच बाजूला होती आणि तेलाचे थेंब तिच्यावर उतरले होते.

"सील खराब निघालं," मिस्त्री म्हणाला. "हल्ली माल असाच येतो."

दूधवाला म्हणाला की माल खराब असतो हे आम्हा दूधवाल्यांना लोक रोज सांगतात, आज ऐकवायची संधी मिळाली. मिस्त्रीही हसला. दुसऱ्या पाकिटातलं सील काढलं, चकती पेट्रोलने धुतली, पाईपला पुन्हा नख लावलं. सून समोरच होती. या वेळी तिने मुद्दाम पाहिलं. डोळे उघडे होते, आणि तो पाईपकडे असा बघत होता जसं कुणी दूरची पाटी वाचायचा प्रयत्न करतं.

त्यानंतर तिला घरातल्या इतर गोष्टीही दिसू लागल्या. सकाळी सासू मिस्त्रीच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. बोलता बोलता, जणू धूळ झटकावी तशी. गरम चहाचा ग्लास तो मुठीत धरून बसायचा, कपड्याचा आधार न घेता. तर्जनीच्या पेरावर भाजल्याचा एक गोल डाग होता. बारीक वॉशर उचलायचा असला की मिस्त्री तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणायचा आणि खाली ओंजळ धरायचा. हे सगळं केव्हापासून चाललं होतं ते तिला सांगता आलं नसतं.

एकदा भांडी आवरताना तिने सासूला विचारलं.

"तुला आत्ता दिसलं होय," सासू म्हणाली. हातातलं पातेलं पालथं घालून म्हणाली, "मी बटणं लावते तेव्हा ते भिंतीकडे बघतात. मीही मग काही विचारत नाही."

पुढच्या वेळी दूधवाला आला तो गाडी ढकलत. कोपराचं सालटं निघालं होतं आणि शर्टाची बाही फाटली होती. एका बाजूचा कॅन चेपलेला. पुलाच्या उतारावर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेक लागलाच नाही; डाव्या शॉकअपचं तेल पुन्हा चकतीवर उतरलं होतं. मागच्या ब्रेकवर गाडी खडीत घसरायला लागली, तेव्हा त्याने ती मुद्दाम कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. एका कॅनचं दूध सगळं रस्त्यावर गेलं. दोन कुत्री कुठून आली कोण जाणे, मी उठायच्या आधी जेवायला बसली होती, असं तो म्हणाला. पण हसला नाही.

सासूने पाणी आणि स्वच्छ फडकं आणलं. तो बाकावर बसला आणि तिने त्याचा कोपर धुतला. त्याची बायको म्हणत होती की गाडी मोठ्या गॅरेजला ने, हेही त्याने सांगितलं, कुणाकडे न बघता. मिस्त्री ऐकत उभा होता.

"मिस्त्री, मी भांडायला आलो नाही," दूधवाला म्हणाला. "पण उद्या सकाळी तोच उतार आहे."

"गाडी ठेव," मिस्त्री म्हणाला. "संध्याकाळी ने."

तो गेल्यावर मिस्त्रीने नवीन सीलचं पाकीट काढलं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. मग म्हणाला की तेल जास्त होत असेल, आत हवेला जागा उरत नसेल, दाब सीलवर येत असेल. या वेळी थोडं कमी घालू. सून मान हलवून कामाला लागली. चाक काढलं, शॉकअप काढला. तेलाची पातळी तिने तारेने मोजली. गळून गेल्यामुळे ती खुणेच्या बरीच खाली होती. त्यातून काहीच ठरवता येत नव्हतं. सील मात्र तिने उजेडात धरून पाहिलं. आतली रबराची कड सगळीकडे गुळगुळीत होती, फक्त एका जागी बारीक चीर. पहिलं सीलही तिने फेकलेलं नव्हतं. ते डब्यातून काढलं. त्याला तशीच चीर होती.

दोन वेगळ्या पाकिटांतली सीलं एकसारखी खराब निघणार नाहीत.

तिने आत जाऊन अस्तराच्या कापडाची एक चिंधी आणली. इतकं तलम कापड की शिवताना बोटाच्या कातडीलाही अडकायचं, म्हणून ते शिवायच्या दिवशी ती भांडी घासत नसे. पाईप पुसून तिने चिंधी त्याच्याभोवती गुंडाळली आणि सावकाश खाली ओढली. मधल्या भागाच्या जरा वर, गाडीत चाकाकडे तोंड असते त्या बाजूला, कापड थांबलं. तिने ते सोडवलं. एक धागा पाईपलाच लटकून राहिला.

मिस्त्री पाठमोरा उभा राहून पाना पुसत होता. तिला वाटलं, काही न बोलता आपणच तो टोचा घासून टाकावा. घासायचा दगड फळीवरच होता. सील बसलं असतं, दूधवाला उद्या उतार सुखरूप उतरला असता आणि कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. पण परवा दुसरी गाडी येणार होती, आणि ती मशीनवर असतानाही गाड्या येत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "इथे कापड अडतंय."

तो आला. त्याने धागा पाहिला, फुंकरीने उडवला. "कापड कशालाही अडतं," तो म्हणाला आणि पाईप हातात घेऊन त्यावर नख ओढलं.

नख त्या जागेवरून गेलं तेव्हा आवाज आला. अगदी बारीक, सुईचं टोक काचेला लागावं तसा. शेडमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता.

मिस्त्रीचा हात पुढे गेला होता. तो थांबला, परत वर आला. नख पुन्हा त्याच जागेवरून गेलं. पुन्हा तोच आवाज. त्याने अंगठ्याकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, जवळजवळ न ओढल्यासारखं, तिसऱ्यांदा. नख टोच्यात अडून उभं राहिलेलं तिला दिसत होतं. त्याला ते कानाने कळत होतं, अंगठ्याने नाही.

त्याने पाईप टेबलावर ठेवला. घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिंध्या लावल्या. मग तो नळावर गेला आणि भुसा-साबणाने हात धुतले, जरी त्या दिवशी त्याच्या हाताला अजून तेल लागलेलं नव्हतं. धुताना बराच वेळ लावला.

परत आला तेव्हा त्याने फक्त दगड कुठे आहे ते दाखवलं. तिने टोच्याची वर आलेली कड दगडाने घासून काढली. तो शेजारी स्टुलावर बसून सांगत होता: आडवं घास, उभं नको, उभी रेघ पडली तर तेल तिच्यातूनच वर येईल. खड्डा पेट्रोलने धुवून त्यात दोन नळ्यांतून काढून कालवायचा, सुकला की घट्ट होणारा डिंक भरला, उन्हात ठेवून सुकवला, पाणी लावून बारीक पेपरने घासून पाईपशी एकसारखा केला. चिंधी पुन्हा ओढली. ती न थांबता खालपर्यंत आली. या दुरुस्तीवर पाईप हा मोसम काढेल, मग नवीनच घालावा लागेल, असं तो म्हणाला. ब्रेकचे पॅड तेल प्यायले होते, तेही बदलले. तेल तारेच्या खुणेपर्यंतच भरलं.

संध्याकाळी दूधवाला आला. मिस्त्रीने त्याला पाईप दाखवला, ती जागा दाखवली.

"सील चांगलं होतं, दोन्ही वेळा," तो म्हणाला. "टोचा होता. मला लागला नाही."

"दिसण्यासारखा नाहीच तो," दूधवाला म्हणाला.

"दिसण्याचा प्रश्न नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही. वर्ष झालं असेल." त्याने हात पुढे केला, जसा माणूस एखादा मोडलेला भाग दाखवतो. "हिने चिंधी ओढून शोधला. तुला मोठ्या गॅरेजला न्यायची असेल तर ने, मी वाईट वाटून घेणार नाही."

दूधवाल्याने सुनेकडे पाहिलं, मग गाडीकडे. दुरुस्तीनंतर वहिनींनी पुन्हा चिंधी ओढली होती का, एवढंच त्याने विचारलं, आणि शेडच्या नळावर दोन्ही कॅन पाण्याने भरून घेतले. पुलापर्यंत जाऊन येतो म्हणाला. तो दिसेनासा झाला तेव्हा सासूही दारात येऊन उभी राहिली. इंजिनाचा आवाज उतारावर लहान झाला, बंद झाल्यासारखा झाला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चढाला लागला.

गाडी आली तशी मिस्त्री पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. सवयीने त्याचं बोट सीलच्या खाली गेलं. मग त्याने ते मागे घेतलं आणि सरकून जागा केली.

"बघ गं, ओलं आहे का."

तिने बोट फिरवलं. "कोरडं आहे, बाबा."

"ब्रेक?" त्याने वर पाहून विचारलं.

"इतका लागला की पाणी माझ्या पाठीवर आलं," दूधवाला म्हणाला. तो खरंच भिजला होता.

त्या आठवड्यात सासू मिस्त्रीला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले की नसांचा त्रास आहे, गोळ्या घ्या, बोटांतली जाणीव काही अंशी परत येईल, सगळं येईलच असं नाही. मिस्त्रीने घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या गाडीचं सांगावं तसं. सासू आता बटणं लावताना बोलायची आणि तो भिंतीकडे बघत नसे. दूधवाला रोज जाता-येता हॉर्न वाजवायचा. थांबून, वाकून सीलखाली बोट फिरवायचा आणि ते बोट लांबूनच वर करून दाखवायचा.

एका सकाळी मिस्त्री ओट्यावर ऊन घेत बसला होता. बायको नखं काढायला बसली, तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला. तिने चार बोटांची काढली आणि नेहमीप्रमाणे अंगठा सोडला.

"काढ," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या नखावर बोलत आली होती, पण आता ती अंगठा हातात धरून बसून राहिली. मग लहान मुलाचं काढतात तसं, थोडं थोडं करून काढलं. तुकडा ओट्यावर पडला. तिने तो बाकीच्यांबरोबर झाडून टाकला नाही, वेगळा उचलला, आणि कुठे ठेवावा ते न कळून शेवटी झाडाच्या बुंध्याशी टाकला.

दुपारी टपालवाल्याची गाडी आली. तिचाही पुढचा शॉकअप गळत होता. सुनेने तो उघडला, पाईप धुतला, पुसला आणि चिंधी आणायला उठली.

"चिंधी नंतर," मिस्त्री स्टुलावरून म्हणाला. "चिंधी टोचा आहे एवढंच सांगते, केवढा आहे ते सांगत नाही. तुझं नख दाखव."

तिने अंगठा दाखवला. शिवणकामामुळे ती नखं नेहमी आखूड ठेवायची, कापडाला लागू नयेत म्हणून. पण अंगठ्याचं तिने गेल्या काही दिवसांत काढलं नव्हतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्रीने ते उजेडाकडे वळवून पाहिलं, पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडून दिला आणि कड सारखी करायला सांगितली. तिने ती घासली. मग पाईप डाव्या हातात घेऊन वरच्या टोकाला नख टेकवलं.

"थांब," तो म्हणाला. "आधी डोळे मीट."

तिने डोळे मिटले. पाईप गार होता आणि रॉकेलचा वास येत होता. ती नख सावकाश खाली ओढू लागली.